गोळी सुरू करावी का? कोलेस्टेरॉल, टेन्शन आणि तुमचे अनुभव

वय ४६, नोकरी हिंजवडीत, घर कोथरूडला. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ निघालं. बीपी, शुगर ठीक. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, लिहून दिली आणि वर म्हणाले, "किंवा तीन महिने खाणं-चालणं सांभाळून बघा." म्हणजे ठरवायचं मीच! नवरा म्हणतो, एकदा सुरू झाली की जन्माची. सासूबाई म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. वाकडच्या पुलाजवळ रोज पाऊण तास अडकून ते कसं जमवायचं, हेही त्यांनी सांगावं. गोळी घेतलेल्या, टाळलेल्या, मध्येच सोडलेल्या सगळ्यांनी लिहा. सल्ले नकोत, काय झालं ते सांगा.

मार्चएंड
मी सीए. माझं १७१ आलं ते नेमकं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. टेन्शनमुळेच, असं मी ठरवूनही टाकलं. मग बायकोने हिशेब मांडला: रात्री अकराला फरसाण, झोप पाच तास, टेकडी बंद. हे सगळं सुधारलं, सकाळी ओट्स, रात्री इसबगोल. जुलैत १४६. टेन्शन थेट रक्तात किती उतरलं आणि फरसाणातून किती, ते मला अजून कळलेलं नाही. गोळी घेतली नाही, दर सहा महिन्यांनी तपासतो.

तळजाईकर
माझी गोष्ट वेगळी. रोज सकाळी तळजाई टेकडी, घरी तेल मोजून, तरीही २०४. वडिलांना ४९व्या वर्षी अटॅक आला होता. डॉक्टर म्हणाले, १९० च्या वर असेल तर नुसत्या पथ्यावर थांबत नाहीत. बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं, तुम्ही ताटातून किती काढणार? खरं सांगतो, अपमान वाटला. इतकी वर्षं पहाटे उठून चाललो ते फुकटच की काय! रोसुव्हास्टॅटिन १० सुरू केली, सहा आठवड्यांनी १०८. धाकट्या भावाला धरून नेलं, तो १९७. तो अजून "बघू" म्हणतोय, आणि दर रविवारी आमचं यावरून वाजतं.

आजोबांचा नातू
आमचे आजोबा रोज तूप खाऊन ९२ वर्षं जगले.

मार्चएंड
आजोबा हिंजवडीला जात होते का?

शाळामास्तरीण
१८२ होतं. गोळी आणायला निघाले होते, तेवढ्यात फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड करायला लावला. टीएसएच १४, म्हणजे बराच जास्त, थायरॉइड कमी पडत होता! थायरॉइड कमी पडला तरी एलडीएल चढतं म्हणे. त्याची गोळी सुरू केल्यावर चार महिन्यांत १३५.

पर्वतीच्या पायऱ्या
मी सोडली होती. मांड्या इतक्या दुखायच्या की पर्वती अर्ध्यात सोडून परत यायचो. कुणाला न विचारता बंद केली, ती चूकच. डॉक्टरांनी सीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासलं, नॉर्मल आलं. थोडे दिवस थांबून दुसरी स्टॅटिन, कमी डोसने दिली. दोन वर्षं झाली, पाय शाबूत.

मूळ लेखिका
वाचून आधी वडिलांना फोन लावला. आत्याला पन्नाशीच्या आतच अँजिओप्लास्टी झाली होती म्हणे. हे मला ४६ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं! उद्या थायरॉइडसाठी रक्त देतेय. शनिवारी डॉक्टरांकडे जाईन, तेव्हा आत्याचं आधी सांगेन.