मदत हवी आहे : वायरलेसचा प्रसंग खरा वाटायला हवा

नमस्कार मंडळी. २०१९ च्या महापुरावर आम्ही कोल्हापुरात एक शॉर्टफिल्म करतोय. शिरोळकडच्या गावात बचावाची बोट गेलीय, मोबाईल बंद पडलेत आणि सगळी भिस्त वॉकीटॉकीवर, असा मधला प्रसंग आहे.

सिनेमात दोघं फोनवर बोलावं तसं एकमेकांचं वाक्य तोडत वायरलेसवर भांडतात. साध्या वायरलेस सेटवर ते होतच नाही. बटण दाबलेलं असताना समोरच्याचं काही ऐकू येत नाही. दोघांनी एकदम दाबलं तर ऐकणाऱ्याला खरखर, नाहीतर शिट्टी. दाबल्यावर क्षणभर थांबलं नाही तर पहिला शब्दच कापला जातो. माझ्या मते खरा ताण इथेच आहे. बोटीवरचा माणूस बटण सोडेपर्यंत काठावरच्याला ‘थांबा’ म्हणताच येत नाही! आणि रिपीटरशिवाय (म्हणजे निरोप पकडून पुढे पाठवणाऱ्या उंचावरच्या यंत्राशिवाय) पाच वॅटचा हातातला सेट डोंगराआड खणखणीत ऐकू येतो, हे तर अजिबात पटत नाही.

पुरात वायरलेसवर काम केलेले पोलीस, होमगार्ड किंवा हॅम (हौशी रेडिओ) परवाना असलेले कुणी आहे का इथं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. हा आकडा सेटवर ‘त्रेचाळीस’ असा सांगतात की ‘चार, तीन’? भर पावसात सेट कशात गुंडाळतात? बॅटरी उतरायला लागली की आधी कोणते निरोप देतात?

संवाद लिहून तयार आहेत. कुणी वाचून चुका दाखवल्या तर फार उपकार होतील. तुम्ही म्हणाल तिथं येऊन भेटतो.