१३७.९ वर उपग्रह गप्प, ११८.९ वर मात्र गाणी

मळ्याचो_अँटेना
नमस्कार मंडळी. मी पणजीत मळ्यात राहतो, कॉलेजात शिकतो. घर आल्तिनोच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे पश्चिमेकडचं बरंचसं आकाश डोंगराआड जातं. मेटेऑर या हवामान उपग्रहाची ढगांची चित्रं उतरवायची म्हणून आरटीएल-एसडीआर व्ही३ हा डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतला. झॅडिग या ड्रायव्हर बसवायच्या प्रोग्रॅममध्ये 'बल्क-इन इंटरफेस ०' निवडून ड्रायव्हर बसवला, तिथे काही अडलं नाही. गच्चीवर व्ही डायपोल आहे: प्रत्येक दांडी ५३ सेंमी, मधला कोन १२० अंश, आडवा बसवलेला. खाली १० मीटर आरजी-५८ केबल. सॅम्पल रेट (एका वेळी दिसणारी खिडकी) २.४ मेगाहर्ट्झ, गेन (सिग्नल वाढवायचं प्रमाण) शेवटपर्यंत, म्हणजे ४९.६ डीबी.

उपग्रह अगदी डोक्यावरून जातो तेव्हासुद्धा वॉटरफॉलवर (पडद्यावरच्या सिग्नलच्या चित्रात) १३७.९ मेगाहर्ट्झला फिकट पट्टा तेवढा दिसतो, चित्रं उलगडणारा सॅटडंप प्रोग्रॅम लॉक होत नाही, म्हणजे सिग्नल पकडत नाही. आणि ११८.९ वर, विमानांच्या पट्ट्यात, फाटक्या आवाजात गाणी! दोन स्टेशनं एकमेकांत मिसळल्यासारखी. डोंगल खराब निघाला का? पाऊस लागायच्या आत हे सोडवायचं आहे.

निवृत्त_स्पार्क्स_वास्को
मुला, डोंगल शाबूत आहे. कागद घे आणि एवढं गणित कर. आपल्याकडे आकाशवाणीचं एफएम १०५.४ वर आहे, आणि एक खाजगी स्टेशन ९१.९ वर. १०५.४ ची दुप्पट २१०.८. त्यातून ९१.९ वजा कर. ११८.९ आलं ना? ती गाणी हवेतून त्या फ्रिक्वेन्सीवर येतच नाहीत, तुझ्या डोंगलच्या पोटात तयार होतात. पुढची पायरीही तपास: १०५.४ ची तिप्पट वजा ९१.९ ची दुप्पट, म्हणजे १३२.४. तिथेही काही कुजबुज मिळाली तर शंकाच उरणार नाही.

आता तू विचारशील, मी १३७.९ वर आहे, माझी खिडकी जेमतेम २.४ मेगाहर्ट्झची, मग १०५.४ मध्ये येतं कुठून? डोंगलमध्ये दोन ठिकाणं नाजूक आहेत. एक म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा ८ बिटांचा एडीसी, ज्याच्या हाती दुबळ्या आणि जोरदार सिग्नलमध्ये जेमतेम ५० डीबीची जागा असते. पण एफएमचा मारा त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच, ट्यूनर चिपच्या पहिल्या अॅम्प्लिफायरवर बसतो. तिथे चाळणी फार ढिली असते, सगळा पट्टा आत घुसतो. तो अॅम्प्लिफायर तुंबला की दुबळा सिग्नल दबतो आणि वर ही भुतं जन्मतात. १३७.९ वर भूत नाही, तिथे तुझा रिसीव्हर बहिरा झालाय. शिगम्याच्या रोमटात, ढोलताशांच्या मिरवणुकीत, उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायला कानाला कर्णा लावावा, तसा तू गेन ४९.६ वर नेला आहेस.

मी बोटीवर रेडिओ ऑफिसर होतो. मेन ट्रान्समीटर चालू झाला की त्याच खोलीतला रिसीव्हर असाच बहिरा व्हायचा, त्यामुळे ही लक्षणं मला लांबूनही ओळखू येतात.

खात्री करायची तर अँटेना आणि डोंगलच्या मध्ये ६ डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लाव. खरा सिग्नल ६ नेच उतरतो. असं 'एकाची दुप्पट वजा दुसरं', म्हणजे तिसऱ्या दर्जाचं भूत १८ च्या आसपास उतरतं. मग गेन ३० च्या खाली आणून बघ, आणि ८८ ते १०८ अडवणारा एफएम फिल्टर मागव.

एक कळकळीनं सांगतो. विमानांच्या पट्ट्यात आलाच आहेस म्हणून तिथली बोलणी ऐकण्याच्या नादाला लागू नकोस. दाबोळी विमानतळ हा नौदलाचा तळ आहे. उपग्रहाची चित्रं सगळ्यांसाठी सोडलेली असतात, ती मनसोक्त उतरव.

डिचोली_लॅब
काकांचं निदान पटलं. माझी भर एवढीच, की कोणता मेटेऑर पकडतोस ते बघ. एन२-३ ची या पट्ट्यात चित्रं पाठवायची अँटेना अवकाशात नीट उघडली नाही, तिचा सिग्नल मुळातच अशक्त आहे. आधी एन२-४ धर, तो २०२४ मध्ये सोडलेला. डोंगल थेट लॅपटॉपला न लावता लहान यूएसबी वायरीनं दूर ठेव, यूएसबी ३ चा गोंगाट ओळखीचा आहे. शिवाय गच्चीवरचा जोड चिकटपट्टीनं बंद कर. आमच्या डिचोलीत नुसता पाऊस, तुमच्याकडे वर खारी हवा. जोडात पाणी शिरलं की केबल आतून काळी पडते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

मळ्याचो_अँटेना
काका, ताई, देव बरें करूं! कॉलेजच्या लॅबमधून अॅटेन्युएटर आणला. ११८.९ वरची गाणी १७ डीबीनं खाली आली. १३२.४ वरही तोच गोंधळ होता, तोही गेला. मग अॅटेन्युएटर काढून गेन २८ वर ठेवला आणि एन२-४ लॉक झाला! कोकणचा किनारा आणि अरबी समुद्रावरचे ढग स्पष्ट आले. उपग्रह आल्तिनोआड गेला तिथून पुढच्या ओळी काळ्या, त्याला इलाज नाही.

आता फिल्टर मागवतोय. अँटेनापाशी एलएनए (दुबळा सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर) बसवून त्याला डोंगलच्या बायस-टीनं (अँटेनाच्या केबलमधूनच वीज चढवायची सोय) वीज द्यायची म्हणतो. फिल्टर एलएनएच्या आधी की नंतर?

निवृत्त_स्पार्क्स_वास्को
आधी. अँटेना, मग फिल्टर, मग एलएनए, मग केबल. नंतर लावलास तर तुंबण्याची जागा डोंगलमधून एलएनएत सरकेल, बाकी काही बदलणार नाही. आधी लावल्यानं थोडा सिग्नल फिल्टरमध्ये जातो, पण १३७ वर बाहेरचा गोंगाटच इतका असतो की त्याचा फरक पडत नाही. १०९० मेगाहर्ट्झवर विमानं बघायची असती तर वेगळं बोललो असतो. तिथे आरजी-५८ ची १० मीटर केबलच ६ डीबीच्या आसपास गिळते, तेव्हा एलएनए अँटेनापाशी हवाच.

दुसरं कारण विजेचं. बायस-टीचे ४.५ व्होल्ट केबलमधून वर चढतात. एलएनए आणि डोंगलच्या मध्ये फिल्टर आला आणि तो डीसी वीज पुढे जाऊ देणारा नसला, तर वर वीज पोचणारच नाही. आणि बायस-टी चालू करण्याआधी मीटरनं अँटेनाचं टोक शॉर्ट नाही ना, ते तपास. पण आत्ता घाईनं एलएनए घेऊ नकोस. फिल्टर लावून गेन पुन्हा एकेक पायरी वर ने, वॉटरफॉलवर सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर वाढायचं थांबेल तिथे थांब, आणि तो आकडा इथे लिही.