हिरवा ठिपका दिसला की निघायचं का?

हडसनकाठचा

न्यू जर्सीतली आपली बरीच मंडळी हल्ली हौसेने वैमानिकाचा परवाना काढतायत. आनंद आहे. शनिवारी भाड्याचं सेसना १७२ (चार जणांचं छोटं विमान) घ्यायचं, घरच्यांना बसवायचं, केप मे नाहीतर ब्लॉक आयलंड गाठायचं आणि जेवून परत यायचं. पण निघण्याआधी हवामान कसं बघता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "अ‍ॅपमध्ये सगळं हिरवं होतं."

अ‍ॅपच्या नकाशावर विमानतळागणिक एक रंगीत ठिपका असतो. हिरवं म्हणजे काय? ढगांचा तळ ३,००० फुटांच्या वर आणि व्हिजिबिलिटी ५ मैलांहून जास्त. तीही त्या एका विमानतळावर, निरीक्षण घेतलं त्या वेळी. दोन ठिपक्यांच्या मधल्या पट्ट्यात काय चाललंय याबद्दल ठिपका मुका असतो. टॅफ, म्हणजे विमानतळाचा अंदाज, तोही विमानतळाभोवतीच्या ५ मैलांपुरताच. शिवाय अमेरिकेत टॅफ निघणारे विमानतळ सातशेच्या आसपास, आणि सार्वजनिक वापराचे विमानतळ पाच हजारांच्या घरात. म्हणजे आपण जेवायला जातो त्या बहुतेक धावपट्ट्यांना स्वतःचा अंदाजच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. क्रॉस कंट्री, म्हणजे दुसऱ्या गावी जायचं उड्डाण असेल, तर फ्लाइट सर्व्हिसला (वैमानिकांना हवामानाची माहिती देणारी सेवा) फोन लावून माणसाकडून पूर्ण ब्रीफिंग घ्यावं. फुकट मिळतं आणि दहा-पंधरा मिनिटं लागतात.

माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनियर यांचं उदाहरण आपल्याच भागातलं. १६ जुलै १९९९, न्यू जर्सीतल्या कॉल्डवेलहून मार्थाज व्हिन्यर्ड बेटाकडे, स्वतः विमान चालवत. हवामान इंटरनेटवरून घेतलं होतं. वाटेतल्या ठाण्यांवर व्हिजिबिलिटी ४ ते १० मैल, हवा धुरकट. आजच्या अ‍ॅपने बहुतेक ठिपके हिरवे दाखवले असते, फार तर एखादा निळा, म्हणजे हिरव्याहून एक पायरी खालचा. रात्री ८:३८ ला विमान सुटलं आणि साधारण तासाभराने समुद्रात पडलं. ते, पत्नी आणि मेहुणी, तिघंही गेले.

रडारवेडा

असहमत. तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं.

त्या संध्याकाळी फोन लावला असता तर ब्रीफरने काय वाचून दाखवलं असतं? तेच ४ ते १० मैल. एनटीएसबीच्या (अमेरिकेची अपघात तपास संस्था) अहवालात कारण दिलंय ते असं: रात्री पाण्यावर उतरत असताना दिशाभ्रम झाला आणि विमानावरचा ताबा सुटला. धुरकट हवा आणि अंधारी रात्र हे त्याला हातभार लावणारे घटक. तीनशेच्या आसपास तासांचा अनुभव, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता यंत्रांवर उडवण्याची पात्रता) नाही, किनाऱ्यालगतची वाट सोडून शेवटचा टप्पा थेट पाण्यावरून. यातलं काय फोनने बदललं असतं?

दुसरं, ब्रीफरचं ते "व्हीएफआर नॉट रेकमेंडेड", म्हणजे व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर बघत उडवणं) असेल तर न निघालेलं बरं. कुठे डोंगरावर ढग असण्याची शक्यता दिसली की लगेच हे वाक्य. इतक्यांदा ऐकलंय की आता ते "लांडगा आला रे" झालंय, आणि खरा लांडगा येतो त्या दिवशीही लोक निघतात. अ‍ॅपमध्ये रडार, उपग्रह, वारे, पायलट रिपोर्ट सगळं एका नकाशावर माझ्या वाटेवर मांडून मिळतं. फोनवर हेच मला कानाने ऐकून डोक्यात जुळवावं लागतं. एफएएने (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) स्वतः २०२१ च्या परिपत्रकात वैमानिकांनी ब्रीफिंग स्वतःच करावं याला प्रोत्साहन दिलंय. शंका राहिली तर फोन. तुम्ही नव्वदच्या दशकात अडकलाय साहेब.

पाऊसवेळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

हडसनकाठचा

@रडारवेडा, फोनवर फक्त आकडे मिळतात हे मान्य नाही. माणसाला प्रश्न विचारता येतो. "चंद्र नाही, खाली पाणी, हवा धुरकट, मला क्षितिज दिसेल का?" हा प्रश्न अ‍ॅपच्या कुठल्या बटणात आहे?

बरं, फोन नको तर निदान एक करा. राष्ट्रीय हवामान सेवेच्या स्थानिक कार्यालयाचं फोरकास्ट डिस्कशन वाचा. टॅफमध्ये अंदाजकाराला एक आकडा लिहावा लागतो. डिस्कशनमध्ये तो साध्या इंग्रजीत आपली शंका लिहितो: समुद्रावरचे खालचे ढग किती आत येतील याची खात्री नाही, सकाळी धुकं कधी विरेल यावर मॉडेलांचं एकमत नाही, वगैरे. मला ही शंका हवी असते. टॅफ तिला गाळून टाकतो.

रडारवेडा

डिस्कशन मीही वाचतो. तेही अ‍ॅपमध्येच असतं. :)

तापीकाठ

मी महाराष्ट्रात सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) प्रशिक्षण घेतोय. तुमचा वाद वाचून थोडा हेवा वाटला, कारण आमच्या धावपट्टीला टॅफ सोडाच, मेटारही (विमानतळावरचं प्रत्यक्ष हवामान निरीक्षण) नाही. जवळच्या मोठ्या विमानतळाचा घ्यायचा, हवामान खात्याच्या ऑनलाइन ब्रीफिंगवरून नकाशे काढायचे, उपग्रहाचं चित्र बघायचं, आणि मग इन्स्ट्रक्टर बाहेर येऊन नेहमीची टेकडी दिसते का ते पाहतात. टेकडी नाही दिसली की चहा.

आपल्याकडे व्हीएफआरला साधारण ५ किलोमीटर व्हिजिबिलिटी लागते आणि सूर्यास्त ते सूर्योदय व्हीएफआर उड्डाण करता येत नाही, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रण) स्थानिक किंवा प्रशिक्षणाच्या उड्डाणाला सूट दिली तर गोष्ट वेगळी. म्हणजे केनेडींचं ते उड्डाण आपल्या नियमात बसलंच नसतं. मग माणूस की अ‍ॅप या वादाआधी, रात्री पाण्यावरून व्हीएफआर जाऊ द्यायचं का, हा प्रश्न नाही का?

आणखी एक गोष्ट, जी मला इथे येईपर्यंत कोणी सांगितली नव्हती. मेटार-टॅफमधली ढगांची उंची त्या विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते. मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीच्या जवळपास, लोणावळा सुमारे २,००० फुटांवर. जुलैत मुंबईला ढगांचा तळ १,५०० फूट असला तर मुंबईत विमानं बिनघोर उतरतील, पण घाटमाथा ढगात बुडालेला असणार. पुण्याचा विमानतळ १,९४२ फुटांवर, म्हणजे तिथले १,५०० फूट हे समुद्रसपाटीपासून साडेतीन हजारांच्या आसपास. दोन्ही मेटारमध्ये आकडा एकच, आणि मधे सह्याद्री.

हडसनकाठचा

@तापीकाठ, वा! हे इथे अ‍ॅपलेशियनलाही तंतोतंत लागू. पेनसिल्व्हेनियात दरीतला विमानतळ हिरवा आणि कडा ढगात, हे नेहमीचं.

शिवाजीनगरचे_काका

हवामान खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, विमानं उडवलेली नाहीत. दोन्ही पक्षांना एकेक टोचणी देतो.

फोनवाल्यांना: वैमानिक आमच्या कार्यालयात यायचे, नकाशा पाहायचे आणि शेवटी विचारायचे, "मग, जाऊ का?" याचं उत्तर आम्ही कधीच दिलं नाही. देऊही नये. तुमच्या विमानात काय यंत्रं आहेत, तुम्ही कालची झोप घेतलीय का, हे आम्हाला कुठे ठाऊक? माणसाशी बोललो म्हणजे जबाबदारीतला थोडा भाग त्याने उचलला, असं एक समाधान मिळतं. ते खोटं आहे.

अ‍ॅपवाल्यांना: ठिपक्यामागे बऱ्याचदा एक यंत्र असतं. अमेरिकेतली स्वयंचलित ठाणी ढग मोजतात ते लेसर सरळ वर सोडून, आणि आधीच्या अर्ध्या तासाच्या मोजणीवरून आकाश कसं आहे ते ठरवतात. पश्चिमेकडून ढगांची भिंत येत असेल तरी ती डोक्यावर येईपर्यंत यंत्राला आकाश मोकळंच. व्हिजिबिलिटी तर हाताच्या अंतरातल्या हवेवरून काढतात, मैलभर दूर बघून नव्हे. १२,००० फुटांच्या वर काय आहे याच्याशी त्यातल्या बहुतेक यंत्रांना देणंघेणं नसतं.

आणि धुकं. तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक संध्याकाळी किती वेगाने कमी होतोय ते स्वतः बघत जा. दोन-तीन अंशांवर आला, वारा पडला, आकाश निरभ्र असलं, तर टॅफ काहीही म्हणो, पर्यायी विमानतळ ठरवून ठेवा. धुक्याची वेळ आम्हालाही भल्याभल्यांना पकडता आलेली नाही.

रडारवेडा

काका, ठाण्यांचं मान्य. म्हणून तर मी कॉकपिटमध्ये एडीएस-बीवर (जमिनीवरून विमानात माहिती पाठवणारी यंत्रणा) रडार चालू ठेवतो. वादळं समोर दिसतात, मधल्या फटीतून वाट काढता येते.

ईशान्यवारा

@रडारवेडा, थांबा. त्या फटीतून नका जाऊ. पडद्यावर "५ मिनिटांपूर्वीचं" लिहिलेलं असतं ते चित्र जोडून तयार झालं त्याचं वय. त्यातली मूळ रडारची माहिती त्याहून जुनी असते. एनटीएसबीने २०१२ साली याच विषयावर सूचना काढली होती: टोकाच्या परिस्थितीत फरक १५ ते २० मिनिटांचा असू शकतो. त्याआधीच्या काही जीवघेण्या अपघातांत असंच जुनं चित्र बघून वैमानिक वादळापाशी गेले होते. वळसा घालायला ते चित्र उत्तम आहे. फट शोधायला नाही. तुम्ही अ‍ॅपची बाजू चांगली मांडत होतात, हे वाक्य मात्र मागे घ्या.

रडारवेडा

मागे घेतलं. वळसाच घालतो, लिहिण्याच्या ओघात फट आली.

तापीकाठ

ते "ढगात शिरल्यावर १७८ सेकंद" म्हणतात ते खरं आहे का? आमच्या क्लासच्या भिंतीवर पोस्टर आहे.

ईशान्यवारा

प्रयोग खरा आहे. इलिनॉय विद्यापीठ, १९५४. इन्स्ट्रुमेंटचा अनुभव नसलेले २० जण, बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय केलेलं बोनान्झा विमान. सगळ्यांचा ताबा सुटला, कोणाचा २० सेकंदांत, कोणाचा ८ मिनिटांत, आणि सरासरी १७८ सेकंद. पोस्टरवर न लिहिलेला भाग असा की त्या अभ्यासाचा हेतू लोकांना मागे वळून बाहेर कसं यायचं ते शिकवण्याचा होता, आणि शिकवल्यावर जवळजवळ सगळ्यांना ते जमलं.

मागची_सीट

मी वैमानिक नाही, वैमानिकाची बायको आहे. एक विचारते. जाताना आमच्याकडे दोन दिवस आधीपासून हवामानाचा अभ्यास चालतो. येताना रविवारी संध्याकाळी तोच माणूस फोनकडे ओझरतं बघून म्हणतो, "ठीक आहे, निघू." सोमवारी ऑफिस असतं ना. तुमच्या त्या ब्रीफरला किंवा अ‍ॅपला हे कळतं का?

हडसनकाठचा

ताई, नाही कळत. आमच्याकडे नियम असा आहे की परतीच्या दिवशी भाड्याची गाडी मिळेल अशाच गावी जायचं, आणि "आज नाही" म्हणायचा अधिकार मागच्या सीटलाही. कारण विचारायचं नाही.

मागची_सीट

ब्लॉक आयलंडहून गाडी कशी येणार?

हडसनकाठचा

फेरीने पॉइंट ज्युडिथपर्यंत, पुढे गाडी. सोमवारी सुट्टी टाकून.

रडारवेडा

धागाकर्त्यांनी फोनची बाजू अजून सोडलेली नाही, म्हणून एक शेवटचा प्रश्न. ढगांचा तळ वाटेत खरोखर कुठे आहे हे यंत्र सांगत नाही, अंदाज सांगत नाही, ते सांगतो नुकताच तिथून गेलेला वैमानिक. पण आपल्यासारख्या छोट्या विमानांचे पायलट रिपोर्ट नकाशावर शोधून सापडत नाहीत. ब्रीफरकडेही नसतात, कारण कोणी देतच नाही. तुम्ही देता?

हडसनकाठचा

देतो. फ्लाइट सर्व्हिसच्या फ्रिक्वेन्सीवर, नाहीतर फ्लाइट फॉलोइंगवर (कंट्रोलर रडारवर आपल्यावर लक्ष ठेवतो ती सेवा) असलो तर कंट्रोलरलाच. ढगांचा तळ, धूसरपणा, हलतंय किती. सगळं छान असलं तरी देतो.

रडारवेडा

छान असताना कोण देतं?

हडसनकाठचा

तेच तर. टॅफ ढग सांगत असताना वर मोकळं असेल, तर तेही पुढच्याला कळायला हवं ना.