कौलारू छप्पर बदलायचा खर्च कसा समजून घ्यावा?

प्रश्न: फोंड्याजवळचं जुनं घर, वळचणीसकट जमिनीवरचं माप १०० चौरस मीटर. सुताराने एकच ठोक आकडा सांगितलाय. तो पडताळायचा कसा?

उत्तर १: ठोक आकडा मान्य करू नका, माप उतारावरून घ्यायला सांगा. ३० अंशांचा उतार असेल तर १०० चे सुमारे ११५ चौरस मीटर होतात. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५, म्हणजे १७२५; फूटतूट धरून १८५० मागवा. आढ्याची, म्हणजे दोन उतार माथ्यावर मिळतात तिथली, कौलं वेगळी मोजतात.
जुनी सगळी टाकू नका. बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा. मात्र नव्या-जुन्यांचे साचे जुळत नाहीत, खाचा नीट बसत नाहीत आणि तिथूनच गळतं. म्हणून जुनी एका उतारावर, नवी दुसऱ्यावर.

उत्तर २: खरा पैसा लाकडात जातो. वासा (उताराला धरून बसवलेलं तिरकं लाकूड) भिंतीवर टेकतो तिथे पेचकस टोचून बघा; सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज. असे किती वासे, ते मोजूनच दर ठरवा. रिपा (कौलं ज्यांवर अडकतात त्या आडव्या पट्ट्या) मात्र कौलं हातात आल्यावरच ठोकायच्या. दोन रिपांमधलं अंतर थोडं जरी वाढलं तरी कौल कौलावर कमी चढतं आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो.

उत्तर ३: उतरवणावळ (जुनं छप्पर उतरवायची मजुरी), परांची (उभं राहून काम करायचा तात्पुरता सांगाडा) आणि पन्हळी दरात आहेत का, हे लिहून घ्या. काम मेच्या मध्यापर्यंत संपवा.