टीवायला (डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला) आहे, कॉलेजला जायलाच होत नाहीये. मुंबईत कोणाकडे जाऊ?

डोंबिवली_फास्ट: माटुंग्याला कॉलेज, राहायला डोंबिवली. दिवाळीनंतर काहीतरी बिघडलंय. रात्री तीन-साडेतीनपर्यंत झोप नाही, सकाळची लोकल सुटते आणि खरं सांगू का, सुटली की बरंच वाटतं. कधी डबा घेऊन निघतो, दादरला उतरतो आणि तिथेच बाकड्यावर बसून राहतो. हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलंय, मागच्या सेमच्या केटी (नापास झालेले विषय) आहेतच. आई म्हणते मोबाईल बंद कर, बाबा म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं. वनरूम किचनमध्ये आम्ही पाच जण, फोनवर बोलायची सोय नाही. कॉलेजात काउन्सेलर आहे पण केबिन बरोब्बर स्टाफरूमसमोर. प्रायव्हेटची फी परवडणार नाही. आणि गोळ्या एकदा चालू झाल्या की सुटत नाहीत म्हणतात ते खरंय का? पुढे नोकरीत रेकॉर्ड निघतो का? कोणी जाऊन आलंय का खरंच?

मिसळपाव_एक्स्ट्रा_तर्री: भावा रोज पहाटे धाव, जिम लाव, दोन महिन्यात चकाचक.

सायनकर_मुलगी: वरच्याने बहुतेक प्रश्न वाचलाच नाही, ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला पहाटे धाव म्हणे 🙄

मी जाऊन आलेय. सायन हॉस्पिटल तुझ्या वाटेवरच आहे. फास्ट सायनला थांबत नाही, कुर्ल्याला उतरून स्लो पकड. सकाळी लवकर पोच, केसपेपर काढ, नाममात्र पैसे लागतात, आणि खिडकीवर फक्त सायकॅट्री (मानसोपचार) ओपीडी एवढंच सांग, तिथे कोणी काही विचारत नाही. गर्दी प्रचंड, आधी रेसिडेंट डॉक्टर बघतात, बऱ्याचदा पहिलीच भेट जरा लांबते कारण ते सगळं लिहून घेतात. शेजारी कॉलेजची पोरं, आज्या, रिक्षावाले सगळेच असतात, तुझ्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. केईएम, नायर, कूपरला पण हीच सोय आहे.

ओपीडीवाला: सायकॅट्रीत रेसिडेन्सी केलीय म्हणून गोळ्यांबद्दल सांगतो. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा किंवा चटक लागत नाही. असर जाणवायला दोन ते चार आठवडे जातात, सुरुवातीला मळमळ, डोकं दुखणं होतं आणि पोरं नेमकी तेव्हाच गोळी सोडून देतात. पुढे बरं वाटलं तरी मनाने एकदम बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागते ती काही झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची, त्या मित्राकडून किंवा केमिस्टकडून परस्पर घेऊ नकोस. थायरॉइड, बी१२ बघायला रक्त तपासतील, त्याने घाबरू नकोस. आणि सगळ्यांनाच गोळ्या देतात असंही नाही, कोणाला नुसतं काउन्सेलिंग पुरतं.

रेकॉर्डचं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. १८ पूर्ण असशील तर एकटा जाऊ शकतोस, उगाच कोणी घरी फोन करत नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र डॉक्टर घरच्यांशी बोलतील, ते बरोबरच आहे.

आता सरळ विचारतो, मरणाचे विचार येतात का?

डोंबिवली_फास्ट: मरायचंय असं नाही. पण रात्री झोपलो आणि सकाळी उठलोच नाही तर बरं, असं वाटतं कधीकधी. हे पण सांगायचं का तिथे?

ओपीडीवाला: हेच आधी सांगायचं, याच शब्दांत. याला पण आम्ही गंभीरच धरतो, त्यामुळे आठवडाभर थांबू नकोस, उद्याच जा. आज रात्री घरातल्या एकाला तरी एवढंच सांग की मला बरं वाटत नाहीये, डॉक्टरकडे जायचंय. रात्री विचार वाढले तर १४४१६ लाव, टेलिमानस हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं तर ओपीडीची वाट बघायची नाही, कोणाला तरी सोबत घेऊन सरळ हॉस्पिटलची कॅज्युअल्टी (इमर्जन्सी) गाठायची, ती रात्रीही उघडी असते.

फाइव्ह_गार्डन_कट्टा: घरी बोलता येत नसेल तर कॉलेज सुटल्यावर आमच्या कट्ट्यावर ये, फाइव्ह गार्डन बागेत कानाला फोन लावून तासभर फिरणारे ढीगभर असतात. टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आयकॉल हेल्पलाइन पण आहे, तिथे ईमेल आणि चॅटवर पण काउन्सेलर असतात. घरात सगळे टीव्ही बघत असताना टाईप करता येतं, माझ्या बहिणीने तसंच केलं होतं.

सायनकर_मुलगी: आणि अटेंडन्सचं, ओपीडीतून सर्टिफिकेट माग आणि प्रिन्सिपलकडे अर्ज दे, आजारपणाच्या कारणाने हजेरीत सूट मागता येते. आजाराचं नाव वर्गात कोणाला सांगायची गरज नाही. परीक्षेच्या आधी दे म्हणजे झालं, परीक्षेचा फॉर्म भरून झाल्यावर ऑफिसवाले फार फिरवतात.

डोंबिवली_फास्ट: ताईला सांगितलं आत्ता. उद्या ती हाफ डे टाकून येतेय बरोबर. केसपेपरला आधार कार्ड लागतं का?

सायनकर_मुलगी: माझ्याकडे मागितलं नव्हतं, पण असू दे जवळ. पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला घे, नंबर यायला वेळ लागतो.