पिकअपमध्ये ३० गोण्या सिमेंट, कन्नड घाट चढेल का?

चाळीसगावहून कन्नडला सिमेंट न्यायचंय, ५० किलोच्या ३० गोण्या. मागच्या खेपेला फालक्याकडे, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या झाकणाकडे, जास्त माल होता, चढावर स्टेअरिंग एकदम हलकं झालं, गाडी वळणावर ऐकेना, जीव घाबरला ना भाऊ. कसं भरू?

रावेरकर: ३० गोण्या म्हणजे १५ क्विंटल. आधी आरसी बघ, एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर, उरेल तेवढाच माल, त्यात तू न माणसं पण धर. जास्त होत असेल तर दोन खेपा कर, डिझेल जाऊ दे. आणि स्टेअरिंग हलकं होणारच, वजन मागच्या एक्सलच्या मागे गेलं की पुढची चाकं उचलल्यासारखी होतात. केबिनला चिकटवून भर, थर आडवे-उभे लाव.

भुसावळ पिकअप: बरोबर. हवा थंड टायरमध्येच भर, दारावरच्या पट्टीवर लोडचा आकडा असतो तेवढी. दोर बांधून पाचेक किलोमीटरवर थांब न परत आवळ, माल बसला की दोर ढिला पडतोच, मी हाताने ओढून बघतो. येताना रिकामी असली तरी दुसऱ्या गिअरमध्येच उतर, नुसत्या ब्रेकवर नको.