कावेरीचा महाशीर वाचवायचा, तर मोजायचं काय?

पाणवठा
कावेरीतला नारंगी परांचा, पाठीला कुबड असलेला महाशीर मासा (टॉर रेमादेवी) जगात दुसऱ्या कुठल्याच खोऱ्यात नाही. 1946 साली कावेरीच्या कबिनी या उपनदीत गळाला लागलेला महाशीर 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोंचा होता. 2018 साली हा मासा आययूसीएनच्या जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' ठरला. मोयारसारख्या उपनदीत थोडेफार उरलेत.

असा मासा वाचवायची वेळ आली की पहिलं उद्दिष्ट ठरलेलं असतं : एवढ्या लाख बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) सोडू. माझा आक्षेप नेमका त्यावर आहे, आणि त्यात आपला, महाराष्ट्राचाही हात आहे. लोणावळ्याजवळच्या वळवण मत्स्यबीज केंद्रात 1970च्या दशकापासून आपल्या कृष्णा खोऱ्यातला निळ्या परांचा महाशीर (टॉर खुद्री) वाढवला जातो. त्याच्या बोटुकल्या देशभर गेल्या, कावेरीतही गेल्या. पुढे कावेरीत गळ टाकणाऱ्यांच्या 1998 ते 2012च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तर निळे वाढत गेलेले आणि मूळचे नारंगी दिसेनासे होत गेलेले. बोटुकल्यांच्या हिशोबात मात्र योजना अगदी यशस्वी!

अमेरिकेत कोलोरॅडो नदीतल्या कुबडवाल्या चब माशासाठी 2002 साली जी उद्दिष्टं ठरली, त्यांत किती सोडले हे विचारलेलंच नाही. मुख्य वस्तीत किमान 2,100 प्रौढ हवेत, आणि सलग पाच वर्षं नदीतच जन्मून वाढलेली नवी पिढी मरणाऱ्या प्रौढांइतकी तरी हवी. 2021 साली तो मासा धोक्याच्या यादीत एक पायरी खाली आला, म्हणजे धोका कमी झाला. कावेरीलाही असलंच माप लावा.

लोणावळेकर
वळवणला नावं ठेवणं सोपं आहे हो. सी. व्ही. कुलकर्णींसारख्या माणसांनी हे काम उभं केलं तेव्हा महाशीरचं कृत्रिम प्रजनन हीच अप्रूपाची गोष्ट होती. धरणांनी या माशांच्या वाटा अडवल्या म्हणून तर ते सुरू झालं. आणि कावेरीतल्या कुबडवाल्याचं शास्त्रीय नाव पक्कं झालं 2018 साली. चाळीस वर्षांपूर्वीच्या लोकांनी कुठून ओळखायचं?

मुद्द्याचं बोला. मोयारमध्ये समजा मूठभरच मासे उरले असतील, तर तुमचे 2,100 प्रौढ आभाळातून पडणार का? नर-मादी आणून अंडी फलवावीच लागतील.

गळटाक्या
नाव नव्हतं, पण परांचा रंग गळवाल्यांना दिसत होता की!

दुसरं म्हणजे, ज्या नोंदींवर हा सगळा वाद चाललाय त्या मासा पकडून, वजन करून परत सोडणाऱ्यांच्या आहेत. त्यांच्या नदीकाठच्या कॅम्पांवर पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांनाच राखणदारीचं काम मिळालं होतं. मग अभयारण्यात गळाला बंदी आली. आता तिथे प्रौढ मासे मोजणार कोण? उद्दिष्टाच्या कागदावर मोजणाऱ्याचा पगार आधी लिहा, आकडा नंतर.

मेघना_बंगळुरू
तुम्ही सगळे मासे मोजताय, पाण्याचं कोणीच बोलत नाही. कावेरी लवादाच्या 2007च्या निवाड्यात 740 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची वाटणी झाली, त्यात पर्यावरणासाठी 10. ते 10 टीएमसी कधी आणि कसं सोडायचं, यावर माशाचं ठरतं. महाशीर पावसाळ्याच्या पुरात वर चढतो आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. वाळू-गोटे उपसलेले असले आणि पाणी धरणाच्या दारांच्या मर्जीने कमीजास्त होत असलं, तर प्रौढ दिसतील, पिल्लं दिसणार नाहीत. पहिलं उद्दिष्ट पुराचं आणि नदीच्या तळाचं हवं.

आजोळ_महाड
महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीच्या डोहातही महाशीर आहेत; तिथे ना आराखडा, ना उद्दिष्ट. देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, बस. सरकारी आकड्यांपेक्षा मला ते बरं वाटतं.

मेघना_बंगळुरू
@आजोळ_महाड, कोंडीतला मासा सुखरूप असतो हे खरं. पण वरच्या अंगाला बांध पडला की देवी काय करणार?

पाणवठा
@लोणावळेकर, प्रजनन करायचंच तर माझ्या अटी : फक्त कावेरीचे, जनुकीय तपासणी झालेले मासे, आणि प्रत्येक बोटुकलीवर खूण, म्हणजे सोडलेले आणि नदीत जन्मलेले वेगळे मोजता येतील. खूण असलेला मासा उद्दिष्टात धरायचा नाही. आणि निळ्या परांचे सोडणं आजच थांबवा. @मेघना, पुराचं मान्य. पण पाणी सोडलं एवढ्यानेही सरकारी खातं समाधानी होईल, ही मला भीती आहे.

लोणावळेकर
खूण, तपासणी ठीक. पण धरायचाच नाही म्हणाल तर पहिली दहा-बारा वर्षं अहवालात शून्यच दिसेल, आणि शून्याला कोणी निधी देत नाही. सोडलेला मासा मोठा होऊन नदीत अंडी घालू लागला, तर त्याला अर्धा तरी धरा.

पाणवठा
त्याची पिल्लं धरू. तो नाही.